ज्वालामुखीच्या नावावर बिल फाडू नका

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर स्क्रीनपासून लांब राहा म्हणून बजावलं. (वाचत होतो चोरून, पण लिहिलं नाही.) आज लिहितोय ते रागाने, हे आधीच सांगून टाकतो. राग घरातल्याच माणसाचा आहे, आणि तो माणूस हा ब्लॉग वाचतो, हेही मला ठाऊक आहे.

झालं असं. पुण्याहून भाच्याच्या मुलीचा फोन आला. आठवीत आहे. शाळेत प्रत्येकाला एकेक विषय दिलाय आणि हिच्या वाट्याला आलाय तो असा : "आजोबा, ज्वालामुखीतून जे विषारी बाहेर पडतं ना, त्यानं समुद्रातली कासवं आजारी पडतात का हो?"

मला प्रश्न भारी आवडला. मी मराठी आणि भूगोल शिकवणारा माणूस, बी.ए. मराठी माध्यमातून झालेला, विज्ञानाचा नव्हे. पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की तो तास हमखास माझ्या गळ्यात पडायचा, त्यामुळे थोडी भीड चेपलेली. तिला म्हटलं, दोन दिवस दे, वाचून सांगतो.

दोन दिवस कसले! त्याच संध्याकाळी तिच्या बापाने, म्हणजे आमच्या भाच्याने, घरच्या ग्रुपवर कुठूनसा आलेला मजकूर टाकला. मतितार्थ असा की, एक ज्वालामुखी फुटला तर माणसाने शंभर वर्षांत केलं नसेल तेवढं प्रदूषण एका दिवसात होतं. कासवं ते कोट्यवधी वर्षं सोसत आली आणि टिकली. तेव्हा चिमण्या, मोटारी, प्लास्टिक यांच्या नावाने उगाच छाती पिटू नका. खाली त्याने स्वतःची भर घातली होती : "बेटा, प्रोजेक्टचा निष्कर्ष हाच लिही." त्यावर चौदा अंगठे. मी मोजले. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा!

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिथे लिहिलं की सुप्रभातच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं. म्हणून इथे.

ओट्यावर बसून हे बोललो तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "सर, समुद्र कुठी अन् आपली टाकळी कुठी! कायले डोक्सं आटवून राह्यले?" बरोबर आहे त्यांचं. बार्शीटाकळीहून समुद्र गाठायचा तर रात्रभराची गाडी लागते. पण ज्वालामुखीचं म्हणाल तर त्यावर बोलायचा अधिकार आम्हा वऱ्हाडकरांइतका कोणाला असेल? आम्ही राहतोच त्याच्या राखेवर आणि दगडावर. त्याकडे येतोच.

आधी पोरीच्या प्रश्नाचं उत्तर. होतात. कासवं आजारी पडतात, यात वादच नाही.

ज्वालामुखीतून नुसता लाव्हा येत नाही. गंधकाचा वायू येतो (सल्फर डायऑक्साइड), मीठाच्या आम्लाची वाफ येते, फ्लोराइड येतं, आणि त्यांच्यासोबत पारा, कॅडमियम, शिसं, आर्सेनिक यांचे सूक्ष्म कण येतात. शिवाय राख. आपल्याकडे राख म्हटली की चुलीतली मऊ राख डोळ्यांसमोर येते. ही तशी नव्हे. ही म्हणजे काचेची आणि दगडाची पूड. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकी नावाच्या भेगेतून आठ महिने लाव्हा आणि वायू येत राहिले. गवतावर फ्लोराइड बसलं, ते खाऊन मेंढ्या-गुरांची हाडं-दात बिघडले, बेटावरची निम्म्याहून जास्त जनावरं गेली, आणि मागून आलेल्या उपासमारीत पाचातला एक माणूस गेला. म्हणजे ज्वालामुखी निरुपद्रवी आहे असं मी म्हणतच नाहीये.

आता कासव. समुद्री कासव पाण्यात राहतं पण श्वास आपल्यासारखाच हवेतून घेतं. वर येतं, एका दमात छातीतली बहुतेक हवा बदलतं आणि खाली जातं. पाण्याच्या पृष्ठभागावर जी हवा असेल, ती तशीच्या तशी खोल आत. तेलगळतीत कासवांचे जे हाल होतात ते याचमुळे, त्यांना वाईट हवा टाळता येत नाही. ज्वालामुखीच्या वाफेलाही तोच नियम.

दुसरी वाट पोटातून. हवेतला पारा पावसाबरोबर समुद्रात पडतो, तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, आणि तो मग लहानाकडून मोठ्याकडे, खाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे साचत जातो. हिरवं कासव मोठेपणी मुख्यतः समुद्री गवत-शेवाळं खातं, म्हणून त्याच्यात पारा त्या मानाने कमी. शिंपले-खेकडे खाणाऱ्या लॉगरहेड कासवात जास्त. कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसतं. आणि आईच्या अंगातलं थोडं अंड्यातही उतरतं. वर्षानुवर्षं जगणारा जीव, म्हणून साठाही वर्षानुवर्षांचा. आमच्या सहकारी सोसायटीच्या थकबाकीसारखा… व्याज चढत जातं, कोणी विचारत नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात नवलाची वाटली. कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. अटलांटिक महासागरात असेन्शन नावाचं ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. तिथे एक किनारा पांढुरक्या वाळूचा आणि एक काळपट, ज्वालामुखी खडकाच्या वाळूचा. काळी वाळू जास्त तापते, म्हणून तिथे माद्या जास्त निघतात. शास्त्रज्ञांनी हे तीस वर्षांपूर्वीच मोजून दाखवलं आहे. काळ्या मातीच्या गावात मे महिन्यात अनवाणी चाललेल्या माणसाला यासाठी संशोधन वाचावं लागत नाही, तो भाग वेगळा!

तर एवढं खरं. आता त्या फॉरवर्डवाल्या मजकुराकडे.

पहिली गोष्ट, हिशोब. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ साली पाऱ्याचा जागतिक हिशोब मांडला. २०१५ या एका वर्षात माणसाने हवेत सोडलेला पारा सुमारे २,२२० टन. पृथ्वीच्या पोटातून आपोआप येणारा, त्यात जगातले सगळे ज्वालामुखी धरले, तर वर्षाला सुमारे ५०० टन. म्हणजे ज्वालामुखीचा एक रुपया तर आपले साडेचार. माणसाच्या वाट्यात पहिला नंबर सोन्याच्या छोट्या खाणींचा (तिथे सोनं पाऱ्यात धरतात आणि मग पारा जाळून उडवतात) आणि दुसरा कोळसा जाळण्याचा. कार्बन डायऑक्साइडचं तर विचारूच नका. ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या एक टक्का वगैरे. गंधकाच्या वायूत ज्वालामुखी जरा बरे गुण मिळवतात, रोजच्या धुमसण्यातून वर्षाला दोन कोटी टनांच्या वर. पण तिथेही आपण त्यांच्या काही पट पुढे आहोत.

भाचा म्हणेल, मामा, पिनाटुबो? बरोबर. १९९१ च्या जून महिन्यात फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने दीडएक कोटी टन किंवा त्याहून जास्त गंधकवायू एका झटक्यात आकाशात उंच फेकला आणि सगळी पृथ्वी अर्धा अंश गार झाली. पण किती दिवस? दोनेक वर्षांत सगळं खाली बसलं. ग्रुपवरचा मजकूर फक्त त्या एका दिवसाकडे बघतो. एखादा पाहुणा वर्षातून एकदा येऊन दहा पोळ्या खातो आणि घरचा माणूस रोज पाच खातो. तर घरचं पीठ कोण संपवतो?

आणि आता दगड.

आमच्या भागात कुठेही विहीर खणा. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. अजून खाली गेलात तर दोन काळ्या थरांच्या मधे तांबडा, विटकरी थर लागतो. मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं, हे काय? ते म्हणाले, "गेरू असते ते." मोठेपणी भूगोल शिकवताना कळलं की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, एकावर एक थर बसले, आज पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलाय, पश्चिमेकडे घाटांत तर दोन किलोमीटरपर्यंत जाड. आमच्या गावातलं जुनं काळ्या दगडाचं देऊळ त्याचंच, पाटा-वरवंटा त्याचाच, आणि कापूस पिकवणारी काळी माती म्हणजे त्याचाच भुगा. जगाच्या पाठीवर झालेल्या फार मोठ्या उद्रेकांपैकी हा एक. त्या काळच्या समुद्री शिंपल्यांच्या जीवाश्मांत पाऱ्याचं प्रमाण वाढलेलं सापडलं, असं मिशिगन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलं. म्हणजे पोरीचा प्रकल्प पुण्याहून नव्हे, आमच्या विहिरीतून सुरू होतो!

पण मला त्या तांबड्या थराबद्दल बोलायचंय. तो तांबडा थर म्हणजे ज्वालामुखीची विश्रांती. एक लाव्हा वाहून गेला, थंड झाला. मग ऊन, वारा, पाऊस. दगडाचा वरचा पापुद्रा कुजून माती झाली. झाडं आली, तळी साचली, त्यांत गोगलगाई आणि मासे आले. काही ठिकाणी हजारो वर्षं. मग पुन्हा लाव्हा. मुंबईत वरळीच्या टेकडीवर अशाच दोन लाव्ह्यांच्या मधल्या थरात बेडकांचे आणि एका गोड्या पाण्यातल्या कासवाचे अवशेष एकोणिसाव्या शतकातच सापडले. १८५२ साली कार्टर नावाच्या साहेबाने त्या कासवाचं वर्णन छापलं. वरळीला दगडात कासव! मी कधी पाहिलं नाही, पण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

भाचा लगेच म्हणेल, बघा, टिकलंच ना? अरे, ते सापडलं कुठे ते बघ की! लाव्ह्यात नाही सापडलं, मधल्या थरात सापडलं. ज्वालामुखी थांबला म्हणून तळं झालं, तळं झालं म्हणून कासव आलं. आपल्या धुराड्यांना असा तांबडा थर कुठे आहे? गेल्या दीडशे वर्षांत कोळशाच्या भट्ट्या एक वर्ष तरी विझल्यात का? कोविडमध्ये काही आठवडे मंदावल्या, तेवढंच, आणि त्याचीही आपण किती कौतुकं केली.

"टिकली" या शब्दावर तर मला जास्तच बोलायचं आहे, कारण तो फार फसवा शब्द आहे. समुद्री कासवांचं कूळ फार जुनं. कोलंबियात सापडलेला सगळ्यात जुना सांगाडा सुमारे बारा कोटी वर्षांचा, म्हणजे आमच्या काळ्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट वयाचा. डायनोसॉर गेले, कासव राहिलं. मान्य. पण राहिलं कोण? कूळ राहिलं. कासवं किती मेली त्याची नोंद कोणी ठेवली?

माझी आजी १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची. तेव्हा ती लहान होती. वऱ्हाडासारख्या सुपीक मुलखातून माणसं पाला उकडून खात होती. तिची दोन भावंडं त्यात गेली. आता कोणी उठून म्हणालं की "वऱ्हाड टिकलं ना, मग दुष्काळाचं एवढं काय", तर? वऱ्हाड टिकलं, आजीही टिकली, म्हणून तर मी इथे बसून टंकतोय. पण आजीसमोर हे वाक्य म्हणायची माझी छाती झाली नसती.

आणि कासवाच्या कुळाने ते सोसलं तेव्हा त्याच्यापाशी काय होतं तेही बघा. सगळे किनारे मोकळे. एक बिघडला तर दुसरा. ट्रॉलरची जाळी नव्हती, दिवे नव्हते, समुद्राला बांध नव्हते. अगदी आजही ज्वालामुखी एका हाताने घेतो तर दुसऱ्या हाताने देतो. हवाई बेटांवर २०१८ साली किलाउएया फुटला तेव्हा कापोहोची आखी खाडी लाव्ह्याने बुजली. आणि त्याच उद्रेकाने पोहोइकीला नवा काळ्या वाळूचा किनारा तयार केला. त्याच बेटावर पुनालूऊ म्हणून काळ्या वाळूची जागा आहे, तिथे हिरवी कासवं उन्हं खात पडलेली असतात, लोक फोटो काढतात.

आपल्या देशातलं उदाहरण घेऊ. अंदमानात बॅरन बेट नावाचा आपला जिवंत ज्वालामुखी आहे. दीडशेहून अधिक वर्षं झोपला होता, १९९१ साली जागा झाला, तेव्हापासून अधूनमधून धुमसतो. त्याच समुद्रात, खाली निकोबारकडे, लेदरबॅक नावाची जगातली सगळ्यात मोठी कासवं अंडी घालायला येतात. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक चार मीटरच्या वर खचलं, इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्यात गेला, गलाथियाच्या आखातातले अंड्यांचे किनारे वाहून गेले. सगळं संपलं असं वाटलं. पण काही वर्षांत लाटांनी वाळू पुन्हा आणून टाकली, आणि कासवं परत आली! ज्या जमिनीखालच्या हालचालीतून बॅरन बेट धुमसतं, तिच्याच धक्क्याने आलेली ती लाट. तिने नेलं आणि समुद्राने परत दिलं.

आता पुढचं. जानेवारी २०२१ मध्ये गलाथियाच्या आखाताचा अभयारण्याचा दर्जा काढून घेतला गेला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या मोठ्या बंदराच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. गंमत म्हणजे त्याच जानेवारी २०२१ मध्ये सरकारने कासवांसाठी जो राष्ट्रीय आराखडा काढला, त्यात गलाथियाचं नाव महत्त्वाच्या जागांत आहे. एका हाताने प्रगतिपुस्तकात 'उत्तम' लिहायचं आणि दुसऱ्या हाताने दाखला काढून द्यायचा… त्सुनामीनंतर वाळू परत आली. काँक्रीटचा धक्का झाल्यावर कुठून येणार?

इथे मी थांबायला हवं होतं, पण भाच्यावर एवढं तोंड टाकल्यावर स्वतःचंही सांगितलं पाहिजे.

विज्ञानाचे सर रजेवर असले की मी प्रयोगशाळेच्या कपाटातून पाऱ्याची बाटली काढायचो. पोरांना पारा फार आवडायचा. तळहातावर थेंब घ्यायचा, बोटाने फोडायचा, दहा मोती करायचे, पुन्हा एक करायचा. वर्गात चिडीचूप! शिकवायला काही नसलं की हमखास चालणारी युक्ती. टेबलावरून सांडलेला मग शिपाईकाका फडक्याने पुसून मोरीत झटकायचे. फुटलेले थर्मामीटरही त्याच मोरीत. अशी किती वर्षं? वीसेक तरी. एकदा एका मुलाने विचारलं होतं, "सर, हा मोरीतून कुठं जाते?" मी म्हणालो होतो, "नाल्यात, नाल्यातून नदीत, नदीतून समुद्रात. समुद्र लय मोठा असते बाबू, त्याच्या पोटात सगळं मावते."

भूगोल चुकला नव्हता. आमच्या तालुक्यात महानला काटेपूर्णेवर धरण आहे. काटेपूर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला, आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला. वाट अगदी बरोबर सांगितली होती. पुढचं वाक्य मात्र मी कुठून आणलं, देव जाणे. त्याच्या कितीतरी आधी, १९५६ साली, जपानमध्ये मिनामाताच्या खाडीकाठची माणसं लुळी पडत असल्याचं जाहीर झालं होतं, आणि कारण कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा हे पुढच्या काही वर्षांत उघड झालं होतं. पण ते आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं, आणि पाठ्यपुस्तकाबाहेर वाचायची मला तेव्हा सवय नव्हती. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार त्याच गावाच्या नावाने २०१३ साली झाला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. मी तोपर्यंत निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती.

तेव्हा "समुद्र मोठा आहे" आणि "ज्वालामुखी मोठा आहे" ही दोन्ही वाक्यं मला एकाच खाणीतली वाटतात. पहिलं मी वीस वर्षं शिकवलं. दुसरं आता भाचा आपल्या पोरीला शिकवतोय. राग आला तो यामुळे.

२०१२ च्या मार्चमध्ये आम्ही दोघं वेळासला गेलो होतो. नाना फडणवीसांचं गाव, मंडणगड तालुका. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी तिथे २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायचं काम सुरू केलं, त्याचा आता कासव महोत्सव झाला आहे. आम्ही एका घरी उतरलो, उकडीचे मोदक खाल्ले, आणि पहाटे किनाऱ्यावर गेलो. टोपलीखालून बारा पिल्लं निघाली. तळहाताएवढी पण नाहीत. वाळूवरून स्वतःच चालत गेली. बायको म्हणाली, "अहो, यांना रस्ता कोण सांगतं?" पहिली लाट आली तशी अर्धी उलटी पडली, पुन्हा सरळ झाली. मला त्या वेळी शाळेची मोरी आठवली होती. तिला सांगितलं नाही.

नंतर वाचलं की ओडिशात २०२१ साली खूण केलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून थेट पश्चिम किनाऱ्यावर. म्हणजे या किनाऱ्याचं त्या किनाऱ्याला लागत नाही असंही म्हणायची सोय उरली नाही.

आता आमच्या जिल्ह्याचं थोडं. पारसला औष्णिक वीजकेंद्र आहे, अडीचशे मेगावॅटचे दोन संच. त्या विजेवर माझा कूलर चालतो आणि हा संगणकही. अकोल्याचा मे महिना ज्याने काढलाय तो मला ढोंगी म्हणणार नाही अशी आशा आहे! वीज नको असं मी म्हणत नाही. पण कोळशातूनही तेच निघतं जे ज्वालामुखीतून निघतं. गंधकवायू, पारा, आर्सेनिक, राख. यादी तीच. फरक एवढाच की ज्वालामुखीच्या तोंडाला गाळणी बसवता येत नाही आणि धुराड्याला येते. डिसेंबर २०१५ मध्ये देशातल्या कोळसा वीजकेंद्रांसाठी गंधकवायू आणि पाऱ्याच्या मर्यादा ठरल्या. गंधकवायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवायला मुदत २०१७ ची. मग २०२२. मग आणखी पुढे. आणि जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या सुमारे ७८ टक्के संचांना त्या यंत्रणेतून सूटच मिळाली. खर्च फार, फायदा थोडा, असा युक्तिवाद. गृहपाठ चार वेळा पुढे ढकलायचा आणि पाचव्यांदा रद्द करायचा, हा प्रकार मी चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात पाहिलेला आहे. पण तिथे छडी मास्तरांच्या हातात असायची.

भाच्याचा शेवटचा मुद्दा उरतो. तो म्हणतो, कासवाच्या यकृतात सापडलेला पारा ज्वालामुखीचा की कोळशाचा हे सांगता येतं का? फार अवघड आहे, खरं आहे. पाण्यात गेला की दोघांचा पारा एकच. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? दोन भावांनी मिळून शेजाऱ्याचं कुंपण तोडलं, कोणी कोणता खांब उपटला ते कळत नाही, म्हणून दोघंही सुटले? आणि त्यातला एक भाऊ तर जन्मतःच वेडा आहे, त्याला समजावता येत नाही. मग बोलायचं कोणाशी, शहाण्याशीच ना?

ज्वालामुखीने कासवाला त्रास होतो, हे ज्याला पटलं त्याने तर उलट दचकायला हवं. एक जाळ आधीच पेटलेला आहे, तो विझवता येत नाही, आणि आपण त्याच्या शेजारी त्याच मालाचा दुसरा, चौपट मोठा पेटवलाय. शिवाय वाळूही आपणच तापवतोय. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात हिरव्या कासवांची तपासणी झाली, २०१८ साली निकाल छापला : लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या. असेन्शनच्या काळ्या वाळूने जे एका किनाऱ्यावर केलं, ते आपण समुद्रभर करू पाहतोय.

कोकणातले जे ब्लॉगर मित्र हे वाचत असतील त्यांना विनंती, यंदा तुमच्या किनाऱ्यावर घरटी किती लागली ते जरूर कळवा. आकडा पक्का असेल तरच.

आज सकाळी पोरीचा पुन्हा फोन आला. मी सांगितलेलं सगळं तिने लिहून घेतलं होतं, पण बाईंनी सांगितलंय की सगळं एका तक्त्यावर मावलं पाहिजे. निष्कर्षाची जागा तिने अजून कोरी ठेवली आहे. बाप आणि आजोबा यांचं एकदा ठरू दे म्हणते! सध्या ती चित्र काढतेय. "आजोबा, वेळासच्या कासवाच्या पाठीवर बाजूचे तुकडे किती असतात? मी पाच-पाच काढलेत." मी पुस्तक उघडून पाहिलं. हिरव्या कासवाला चार-चार असतात, लॉगरहेडला बहुधा पाच-पाच, आणि आपल्या ऑलिव्ह रिडलेला सहा, सात, कधी आठसुद्धा. डाव्या-उजव्या बाजूला सारखेच असतील असंही नाही. तिला कळवलं. आता खोडरबर घेऊन बसली असेल.